मुठीत मावणारी बॅटरी

कोकतास, १२ नोव्हेंबर १९९५

ती. उलजान अपास,
धाकट्या दमेलीचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं, आणि जेझ्देंनी त्यात घुसडलेलं माझ्या नाकाचं चित्रही पोचलं. तुझ्या नवऱ्याला सांग, शाळेत चित्रकला शिकवत होता तोवर हात बरा होता. बाजारात मोजे विकायला लागल्यापासून बिघडलाय.

इकडे आम्ही दोघी सासूसुना ठीक. खाण बंद ती बंदच. समोरच्या इमारतीतलं शेवटचं बिऱ्हाडही गेलं, जाताना खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या. आमच्या जिन्यावर आता आम्ही आणि खालच्या मजल्यावरची फ्रीडा, एवढीच माणसं. बेकरीत पगार अजून पावातच मिळतो. म्हणून रोज संध्याकाळी हातात पिशवी असते.

एक काम आहे, अपा. मला एक बॅटरी हवी. वीज दिवस मावळला की जाते आणि कधी येईल त्याचा नेम नाही. रस्त्यावरचे दिवे तर आता कुणाला आठवतही नसतील. त्यात रस्त्यातल्या मॅनहोलची लोखंडी झाकणं भंगारवाल्यांनी उचलून नेलीत. बसथांब्यापासून घरापर्यंत कुठे कुठे भोकं आहेत ते मला पाठ झालंय, पण बर्फ पडलं की पाठांतर काय कामाचं? बॅटरी कोटाच्या खिशात राहील अशी हवी, एका हाताने लागेल अशी हवी, कारण दुसऱ्यात पाव असतो. आणि स्वस्त. इथल्या बाजारात मेणबत्त्यांखेरीज काही नाही.

एनेंचं आणि माझं जरा बिनसलंय. त्या रोज मला घ्यायला थांब्यावर येऊन उभ्या राहायच्या. बेकरीतल्या बायका हसायला लागल्या, सासूने पहारा बसवलाय म्हणाल्या. मी घरी येऊन जरा फटकन बोलले, की मी काही पळून जात नाही, उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. आता मी घरी पोचते तेव्हा त्या घरातच नसतात. मी चहा टाकते, मग मागाहून येतात, धापा टाकत. कुठे होतात विचारलं तर फ्रीडाकडे बसले होते म्हणतात. माझं तोंड पाहायला नको म्हणून जात असतील. अमानताय असता तर दोघींना समोरासमोर बसवून हसवलं असतं. तो गेला आणि मधला दुवाच गेला.

असो. फार काळजी करू नकोस. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
दमेली

~

अल्माती, २४ नोव्हेंबर १९९५

चि. दमेलीस,
उलजानचे अ. उ. आ.

काळजी करू नकोस असं लिहून तू मला काय काय कळवलंस ते एकदा स्वतः वाचून बघ. अंधार, भोकं, रिकाम्या इमारती, हातात पाव! इथे भर वस्तीत बायकांच्या डोक्यावरच्या कातडी टोप्या हिसकावून नेतात. तुझी टोपी आत खुपसून ठेव आणि साधा लोकरी रुमाल बांध.

बॅटरी पाठवतेय. मीच निवडली. तोलेगेनला सांगितलं असतं तर तो आठवडाभर दुकानदारांशी गप्पा मारत बसला असता. चांगली लांबलचक आहे, तीन सेलची, चिनी, निकेलची. झोत दूरवर जातो. शिवाय वजनदार आहे, वेळ पडली तर कुणाच्या डोक्यात घालता येईल. दुकानदारालाही हेच विचारलं, तर तो म्हणाला, बाई, सगळे हेच विचारतात. जंबूलच्या बसवाल्याकडे दिलीय. त्याला तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायला सांगितलंय. सोबत सुकवलेल्या दह्याचं थोडं कुर्त आहे, एनेंना आवडतं ना?

आता माझं ऐक. तिथे तुला धरून ठेवणारं काय उरलंय? मूलबाळ नाही. माणूस गेला. नोकरी म्हणावी तर पगार पावाचा. इकडे ये. आमच्या खोलीत दाटीवाटीने राहू. सासूबाईंना कसं सांगायचं ते मला सांगता येत नाही, पण तू बत्तीस वर्षांची आहेस, बासष्टची नाहीस.

उलट टपाली उत्तर धाड. आणि भांडलीस तरी एनेंच्या चहात दूध घालायला विसरू नकोस.

तुझीच,
उलजान

~

कोकतास, ८ डिसेंबर १९९५

ती. तोलेगेन जेझ्देंस,
लाडक्या मेहुणीचा सलाम, वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने. अपाला दाखवू नका. वाचून झालं की मोज्यांच्या गठ्ठ्यात लपवा.

अपाची बॅटरी मिळाली. तिला कळवा, फार छान आहे. तुम्हाला म्हणून खरं सांगते, ती बॅटरी नाही, लाटणं आहे. खिशात अर्धी मावते, अर्धी बाहेर डोकावते. थंडीत हात गारठून दांड्याला चिकटतो. पहिल्या संध्याकाळी लावली तर रस्ताभर उजेड, आणि समोरच्या रिकाम्या इमारतीतून कुणीतरी ओरडलं, ए बाई, इकडेपण दाखव की! तिथे काही माणसं शेकोटी पेटवून तारा सोलत बसतात. मला रस्ता दिसण्याआधी मीच साऱ्या गावाला दिसते. चार दिवसांत सेलही मेले. नवे इथे मिळत नाहीत.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. जेझ्दे, माझ्या मागून कुणीतरी येतं.

आधी वाटलं भास आहे. पण रोज येतं. थांब्यावरून निघाले की शाळेच्या भिंतीपाशी पावलं सुरू होतात. बर्फावर पाय जरा ओढत टाकल्यासारखी. मी थांबले की ती थांबतात. मी भरभर चालले की तीही भरभर. एकदा धीर करून वळले आणि काडी पेटवली, ती वाऱ्याने लगेच विझली. जिन्यात शिरले की पावलं बाहेरच राहतात. वर येऊन कडी लावते आणि ती पुन्हा ओढून पाहते. नंतर एने दार ठोठावतात तेव्हा सुद्धा आधी दाराला कान लावते, मग उघडते.

त्यांना काय सांगू? त्यांना वाटेल, एकटी येते म्हणून मिरवत होती, आता घाबरली. बेकरीत सांगावं तर तिथे कुणाच्या पोटात काही राहत नाही.

मला अशी बॅटरी हवी जी मुठीत लपेल. पेटवेपर्यंत कुणाला कळता कामा नये. आणि वळून पेटवली की मागच्याचं तोंड दिसलं पाहिजे. एवढंच. तोंड एकदा दिसलं की काय करायचं ते ठरवता येईल. न दिसणाऱ्या माणसाचं काय करायचं?

महाग घेऊ नका. आणि नाकाची चित्रं आता पुरे.

लोभ कमी झाला तर अपाला नाव सांगेन.

तुमची,
दमेली

~

अल्माती, १९ डिसेंबर १९९५

माझी नाकेली मेहुणी दमेली हिला,
तोलेगेनचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रात्री जेवण गेलं नाही. तुझ्या बहिणीने विचारलं पोट बिघडलंय का, हो म्हणालो. तिने मीठ-पाणी पाजलं. तुझ्यापायी मी मीठ-पाणी प्यालो, हे लक्षात ठेव. दुसऱ्या दिवशी तिला पत्र सापडलंच. मोज्यांचा गठ्ठा ही जगातली सर्वांत वाईट जागा, कारण मोजे तीच मोजते. तेव्हापासून ती खिडकीशी बसलेली असते. कोकतास खिडकीतून दिसत असल्यासारखी.

आता बॅटरीचं. मी बाजारातल्या ओळखीच्यांकडून चार बॅटऱ्या एका रात्रीपुरत्या उसन्या आणल्या आणि उजेड पाहायला कपाटात शिरून दार लावून घेतलं. उलजानने टॉवेल घ्यायला कपाट उघडलं. पुढचं लिहीत नाही.

एक पेनाएवढी, प्लास्टिकची. स्वस्त, पण तिच्या उजेडात मला माझा हातसुद्धा परका वाटला. दुसरी जुनी, आपल्या काळातली चपटी, कोटाच्या बटणाला अडकवायची. मला फार आवडली, पण तिचे चौकोनी सेल आता म्युझियममध्येच मिळतील. तिसरी ॲल्युमिनियमची, बोटाएवढी, डोकं पिळलं की झोत लहानमोठा होतो. उत्तम. तिची किंमत ऐकून मी दुकानदाराच्या तब्येतीची चौकशी केली. चौथी म्हणजे भुंगा. तुला आठवत असेल, तुमच्या बाबांकडे होता. मुठीत धरून दांडी दाबत राहायचं, आत चाक फिरतं आणि बल्ब पेटतो. सेल लागतच नाहीत.

चारही रात्रभर खिडकीबाहेर थंडीत ठेवल्या. सकाळी तिघी मलूल झाल्या होत्या. भुंगा तेवढा ठणठणीत. म्हणून तोच पाठवतोय. स्वस्त आहे, खिशात मावतो, मरत नाही.

खोट सांगून टाकतो. दाबायचं थांबवलं की उजेड गेला. आणि नावाप्रमाणे गुणगुणतो, बऱ्यापैकी मोठ्याने. लपवाछपवीला उपयोगाचा नाही. पण बाई, मला विचारशील तर तू एकटीने वळून कुणाचं तोंड पाहायचंच नाहीयेस. उजेड पाडायचा आणि सरळ घर गाठायचं. आणि एनेंना सांग. अबोला असला तरी सांग. म्हातारी माणसं अशा वेळी आपल्यापेक्षा कमी घाबरतात.

बसवाल्याकडे पुडकं दिलंय. पोचलं की लगेच कळव, नाहीतर तुझी बहीण मला सुखाने जगू देणार नाही.

तुझा,
तोलेगेन जेझ्दे

~

अल्माती, ५ जानेवारी १९९६

चि. दमेलीस,
अ. उ. आ.

तुझं काही पत्र नाही. नवीन वर्षाची शुभेच्छासुद्धा नाही. तू दरवर्षी पाठवतेस.

काल जंबूलच्या बसवाल्याला गाठलं. तो म्हणतो, पुडकं तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलं होतं, आणि त्याने ते डेपोत एका म्हातारीच्या हातात दिलं. घरची माणसं आहोत म्हणाली, दिलं. कोण म्हातारी? नाव विचारलंस का म्हटलं, तर म्हणतो, म्हातारीला कोण नाव विचारतं.

माझ्या डोक्यात काय काय येतं ते लिहीत नाही. तोलेगेन म्हणतो टपाल उशिरा येतं. हे तो रोज म्हणतो, आणि रोज दोनदा खाली जाऊन पेटी बघून येतो.

वीस तारखेपर्यंत तुझ्या हातच्या दोन ओळी दिसल्या नाहीत तर मी गाडीत बसते.

उलजान

~

कोकतास, १४ जानेवारी १९९६

ती. उलजान अपास आणि ती. जेझ्देंस,
दमेलीचा सलाम, वि. वि.

मी धडधाकट आहे. हे सर्वांत आधी लिहिते, म्हणजे अपा पुढचं बसून वाचेल. एने हॉस्पिटलात आहेत, पायाचं हाड मोडलंय, पण जिवावरचं टळलं. मला गेले काही दिवस तिथून हलता आलं नाही, म्हणून पत्र नाही. माफ करा.

डेपोतली म्हातारी म्हणजे आमच्या एनेच. त्या अधूनमधून डेपोत जाऊन अल्मातीचं काही आलंय का विचारत असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पुडकं आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि पाठ फिरवून झोपल्या.

जेझ्दे, तुमचा भुंगा चांगला चालतो. पण त्याची एक खोट तुम्ही लिहिली नव्हतीत. तो दाबत चाललं की रस्ता दिसतो, पण त्याच्या गुणगुणण्यात मागचं काही ऐकू येत नाही. थांबवला की पावलं ऐकू येतात, पण मग काही दिसत नाही. एका वेळी एकच. मी तशीच चालायची, थोडं दाबत, थोडं थांबत.

त्या संध्याकाळी बर्फ भुरभुरत होतं. शाळेच्या भिंतीपाशी थांबले, पावलं होती. दाबत पुढे गेले, बॉयलरच्या खोलीला वळसा घातला, पुन्हा थांबले. पावलं नव्हती. जरा वाट पाहिली. काहीच नाही. अपा, मला इतकं हलकं वाटलं! सुटले म्हटलं, कंटाळला असेल. जिना गुणगुणत चढले. भुंगा नव्हे, मी.

चहा टाकला. एने येईनात. चहा निवला. फ्रीडाकडे गप्पा रंगल्या असतील म्हणून बोलवायला खाली गेले. फ्रीडाने दार उघडलं. एने आहेत का म्हटलं, तर म्हणाली, कनिपा? ती तर शरद ऋतूपासून माझ्याकडे फिरकलेली नाही. रोज संध्याकाळी घाईघाईने खाली उतरताना मात्र दिसते.

मी तिथेच पायरीवर बसले. ओढत टाकलेली पावलं कुणाची, ते मला त्या क्षणी कळलं. घरात तीच पावलं मी रोज ऐकते. फक्त गालिच्यावर ती वेगळी वाजतात.

मग मी धावले. भुंगा दाबून दाबून हाताला पेटके आले. बॉयलरच्या खोलीमागे जे मॅनहोल आहे, त्यावर कुणीतरी फळी टाकून ठेवली होती. ती जागेवर नव्हती. मी रोजच्या सवयीने बाजूने गेले होते. एने मात्र त्या फळीच्या भरवशावर मधून आल्या. वाकून उजेड पाडला तर खाली गरम पाण्याच्या नळांवर बसलेल्या, एक पाय वेडावाकडा. मला पाहून पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? डोक्याला काही न बांधता बाहेर पडलीस? दुसरं, पाव उघडा टाकून आलीस का?

मी रडत विचारलं, हाक का नाही मारलीत, मी तर पुढेच होते. तर म्हणाल्या, अंधारात मागून ओरडले असते तर तू घाबरून पळाली असतीस आणि पुढच्या भोकात पडली असतीस. मग दोघींना कुणी काढलं असतं?

मला एकटीला त्यांना ओढता येईना. दोन्ही हात लावले की उजेड जायचा. शेवटी भुंगा त्यांच्या हातात दिला, दाबत राहा म्हटलं, आणि धावले ती थेट त्या शेकोटीवाल्या माणसांकडे. हो अपा, त्यांच्याचकडे. दुसरं होतंच कोण? ते काही न विचारता उठले. बर्फात जागा कळेना, पण जमिनीतून गुणगुण येत होती आणि उजेडाचा झोत वर आभाळात जात होता, त्या दिशेने गेलो. त्यांनी तारांचा दोर करून एनेंना वर काढलं. त्यांतला एकजण अमानतायच्या हाताखाली काम केलेला निघाला. तो हॉस्पिटलापर्यंत त्यांना पाठीवर घेऊन आला. वाटेत एने त्याला सांगत होत्या, तारा चोरणं चांगलं नाही.

बोटं सुजलीत त्यांची, भुंगा दाबून. तरी सोडत नव्हत्या. नर्सला काढून घ्यावा लागला.

सध्या इतकंच. मी रोज हॉस्पिटलात झोपते. माझी काळजी नको, त्यांच्यासाठी दुवा मागा.

दमेली

~

कोकतास, २ फेब्रुवारी १९९६

विहीणबाई उलजान यांस,
कनिपाचा सलाम, वि. वि.

मला लिहायची सवय नाही. अक्षर लावून घ्या.

मी घरी आले. पाय प्लास्टरमध्ये आहे. कुर्त पोचलं होतं, फार खारट नव्हतं, बरं होतं. तुमच्या यजमानांना सांगा, बॅटरी बरी आहे पण म्हाताऱ्या माणसाच्या हातची नाही. मला आता दोन कुबड्या धरायच्या आहेत, तेव्हा कोटाला अडकवायची असली तर बघा. जुनी चालेल.

तुम्ही दमेलीला बोलावता ते मला ठाऊक आहे. तुमची पत्रं मी उघडत नाही, पण ती वाचताना तिच्या तोंडाकडे पाहते. मला त्याचा राग नाही. पोराने तिला माझ्या घरात आणलं आणि स्वतः निघून गेला. ती का राहिली मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही, विचारलं असतं तर कदाचित गेली असती. म्हणून विचारलं नाही.

शेजारून चालू नका म्हणाली, म्हणून मागून चालले. तिला भीती वाटते हे मला कळलं नाही. ती पुढे ताठ चालायची. मला वाटायचं, केवढी धीट पोर आहे.

आता विचारलं. तू जा म्हटलं. तर म्हणते, प्लास्टर निघू दे. प्लास्टर निघालं की दुसरं काही काढेल. तेव्हा तुम्ही मोठी बहीण म्हणून हुकूम करा. खोली बघा, काम बघा आणि तारीख कळवा. माझं इथे भागेल. फ्रीडा आहे. अमानतायची कबर आहे. मी काही एकटी नाही.

हे मी लिहिलं असं तिला सांगू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

कनिपा

ता. क. अपा, एनेंना जिना उतरवत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बटण लावतात तर दोरा सात वेळा गुंडाळणारी बाई ही. पाकीट चुकून उघडं राहिलं असेल असं तुला वाटतं का? मी वाचलं आणि चिकटवलं. अमानतायच्या कबरीवर काल दोघी जाऊन आलो, त्या शेकोटीवाल्याने एनेंना पाठीवर घेऊन जिना उतरवला, गाडीही त्यानेच आणली होती. एने तिथे बराच वेळ बसल्या आणि उठताना त्याला म्हणाल्या, वसंतात इथलं गवत काढशील ना? तेव्हा त्या म्हणतात तसं कर. खोली बघायला लाग. फक्त तळमजल्यावरची बघ, त्यांना आता जिने चढायला जमायचं नाही. – द.